लाकडी व बांबूच्या सामानाची बांधणी

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे सागवान, बांबू आणि धान यांसाठी प्रसिद्ध आहेत. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, तेव्हा येथील लाकडाची ख्याती देशभर पोहोचली. परंतु ओंडका किंवा फळी दूर पाठविणे सोपे. तयार खुर्ची अथवा मेज धडपणे पाठविणे कठीण. वाटेत एक पाय मोडला, तर कारागिराची मजुरी बुडते आणि त्यासाठी तोडलेले लाकूडही वाया जाते. म्हणून सामान न मोडता पोहोचविणे हे वनरक्षणाचेच काम होय.

थर्मोकोलचे दोष

सामान पाठविताना थर्मोकोल व प्लॅस्टिक सर्रास वापरले जाते. थर्मोकोल कुजत नाही; त्याचे कण शेतात व नाल्यात पसरतात आणि जाळल्यास विषारी धूर होतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली ती याच कारणांनी. शिवाय पुरत्या न वाळलेल्या बांबूवर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळले, तर ओल आतच कोंडते व बुरशी चढते.

बांधणी कशी करावी

सामान प्रथम सावलीत चांगले वाळवावे. शक्य तेथे खुर्ची-मेजाचे भाग बोल्टने जोडण्याजोगे करावेत व सुटे करूनच पाठवावेत. त्यामुळे एका गाडीत अधिक नग मावतात; फेऱ्या व डिझेल दोन्ही वाचतात.

रोगण दिलेल्या भागावर तणस थेट लावू नये, चरे पडतात. आधी जुने सुती कापड किंवा रद्दी कागद गुंडाळावा. नंतर पाय व कोपरे यांवर कोरड्या तणसाचा जाड पीळ द्यावा, वरून जुने बारदान लपेटावे व सुतळीने बांधावे. नाजूक नगाभोवती बांबूच्या कामट्यांचा पिंजरा करावा. कामट्या वाळलेल्या असाव्यात. ओल्या कामट्या वाळताना आकसतात व बांधणी सैल पडते. पिंजऱ्यातील मोकळी जागा तणसाने भरावी. हलविल्यावर आत आवाज येता कामा नये.

तणस वापरताना गुरांच्या चाऱ्याचा विचार आधी करावा. चारा बाजूला काढल्यावर खळ्यावर उरलेले आखूड, तुटके तणस या कामास पुरते. ते भिजलेले वा बुरसलेले नसावे व बांधणीच्या जागी विडी-काडी पेटवू नये. माल पोहोचल्यावर तणस खताच्या खड्ड्यात जाते, कामट्या वेलभाज्यांच्या मांडवास उपयोगी पडतात आणि बारदान पुन्हा वापरता येते.

परदेशी मालासाठी वेगळा नियम

तणसातून कीड व रोग दुसऱ्या देशात जाऊ शकतात. भारतानेही २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार गवत-पेंढ्यात बांधलेल्या मालाच्या आयातीस मनाई केली आहे. म्हणून परदेशी मालासाठी पन्हाळीदार पुठ्ठा वापरावा. लाकडी खोके असल्यास त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णता निदान ३० मिनिटे देऊन तशी मोहोर उमटविलेली असावी लागते.

बांबू कोठून आणावा

वनक्षेत्राबाहेर वाढलेल्या बांबूला २०१७ च्या दुरुस्तीने वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळले आहे. त्यामुळे बांधावर बांबू लावणे शेतकऱ्यास अधिक सोयीचे झाले. वनातील बांबूबाबत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचा आदर्श आहे. या ग्रामसभेस २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ पासून ती स्वतःच बांबूचे वाहतूक परवाने देऊ लागली. कारागिरांना प्रशिक्षणासाठी चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकाच गावातील काही नग नव्या व काही जुन्या पद्धतीने बांधून पाठवावेत आणि मोडतोड, खर्च व फेऱ्या यांचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा. आपल्याच शेतातील तणस व आपल्याच बांबूच्या कामट्या यांनी माल धड पोहोचतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर थर्मोकोल विकत आणण्याचे कारण उरणार नाही.