हेकरू खडपात शिरण्याआधी

मागच्या डिसेंबरमध्ये माझा धाकटा भाऊ कुवेतहून दीड महिन्याच्या सुट्टीवर आला. सामानात सगळ्यांसाठी काही ना काही होते आणि स्वतःसाठी एक चकचकीत रीळ. खोक्यावर ‘१२ बेअरिंग’, ‘२० किलो ड्रॅग’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले. तिसऱ्या दिवशी पहाटे मामूंच्या होडीतून आम्ही खडपावर गेलो. १५ वाव पाण्यात जिग तळाला टेकली, दोन-तीन झटके दिले आणि काठी वाकली. भावाने चार-पाच फेरे घेतले असतील, तोच हँडल उलटे फिरून त्याच्या बोटांवर आपटले. उलटा फेर रोखणारा आतला भाग सटकला होता. तेवढ्यात हेकरू खडपात शिरला, दोर घासून तुटला. मामू एवढेच म्हणाले, “खोका वाचून घेतलंस बाळा, रीळ फिरवून बघितलं नाहीस.”

आपल्या किनाऱ्यावर गरवणे नवे नाही. अब्बांच्या तर्जनीवर दोराने पडलेला चर शेवटपर्यंत होता. आता मुले रीळ मागतात. चांगल्या रिळाची किंमत महिन्याच्या किराण्याइतकी, कधी त्याहून जास्त असते. म्हणून घेण्यापूर्वी चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

जिगिंगमध्ये रिळाचे काम काय?

जिग म्हणजे माशाच्या आकाराचा धातूचा वजनदार तुकडा. तो सरळ तळापर्यंत सोडायचा आणि काठीच्या झटक्यांनी वर-खाली नाचवायचा. हेकरू, तांबोशी यांसारखे तळाचे मासे खडपाच्या आडोशाला बसतात, झडप घालतात आणि लगेच बिळाकडे वळतात. त्यांना लांब पळायचे नसते, फक्त दोन हात खाली जायचे असते. म्हणून पहिल्या काही क्षणांत मासा तळापासून उचलणे हेच रिळाचे खरे काम.

दोन प्रकार

काठीच्या खाली लटकणारे स्पिनिंग रीळ शिकायला सोपे. किनाऱ्यावरून फेकायलाही तेच चालते. घरात एकच रीळ घ्यायचे असेल तर ते ठीक. काठीच्या वर बसणाऱ्या ओव्हरहेड रिळात चकरीच फिरते आणि दोर वळण न घेता सरळ गुंडाळला जातो, त्यामुळे जोर थेट माशावर येतो. जिग खाली जाताना अंगठ्याने वेग आवरता येतो. मात्र बऱ्याच ओव्हरहेड रिळांत दोर अंगठ्यानेच सारखा पसरवावा लागतो. नवख्याकडून तो एका बाजूला साचतो. होडीतूनच गरवणाऱ्याने हे घ्यावे.

गणिताचा एक तास

रिळावर ५:१ किंवा ७:१ असे गुणोत्तर लिहिलेले असते. ५:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात ५ वेढे. भरलेल्या चकरीचा व्यास ५ सेंटिमीटर धरला तर परीघ १५.७ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ७८ सेंटिमीटर दोर आत येतो. ७:१ मध्ये तोच ११० सेंटिमीटर. १५ वाव म्हणजे साधारण २७ मीटर. पहिल्याला ३५ फेरे लागतात, दुसऱ्याला २५. मग दुसरे चांगले? सायकल चढावर आली की आपण हलका गिअर टाकतो, तसेच हे. वेग वाढला की तेवढाच मासा ओढायला हाताला जास्त जोर लागतो. तळाच्या माशासाठी ५:१ च्या आसपासचे गुणोत्तर आणि मुठीत मावेल असा हँडलचा गोल गोळा घ्यावा.

ड्रॅगचा आकडा

ठरावीक ताणानंतर दोर सोडणारा ब्रेक म्हणजे ड्रॅग. खोक्यावरच्या २० किलोंना भुलू नये. ३० पौंडांचा दोर म्हणजे सुमारे साडेतेरा किलो. ड्रॅग त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलोंवर लावतात. रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा दोराला अडकवून हे घरीच मोजता येते. आकड्यापेक्षा दोर झटके न देता, एकसारखा सुटतो का, ते महत्त्वाचे.

दुकानात चकरी हाताने धरून हँडल मागे ढकलून बघावे. ते जराही मागे जाता कामा नये. मग हँडल बाजूला दाबावे. रिळाचे अंग लवले तर ओढाताणीत आतले दातेही सरकतील. बेअरिंगची संख्या शेवटी विचारावी. परदेशातून आणणार असाल तर सुटे भाग इथे मिळतात का, हे आधी पाहावे.

विणलेला दोर बारीक असतो आणि फारसा ताणला जात नाही, म्हणून तळाची हालचाल हाताला लगेच कळते. पण तो खडपावर पटकन कापतो. शेवटी दोन-तीन वाव जाड नायलॉन जोडावे. चकरीवरही आधी नायलॉनचे थोडे वेढे द्यावेत, नाहीतर विणलेला दोर चकरीवर घसरतो. आपल्या किनाऱ्याजवळच्या खोलीला २०० ते ३०० मीटर दोर पुरतो.

मीठ हा खरा शत्रू

घरी आल्यावर ड्रॅग थोडा आवळून रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकलले जाते. पुसून सावलीत वाळवावे आणि ड्रॅग सैल करून ठेवावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. तेवढ्यात रीळ उघडून तेल-ग्रीस करून घ्यावे.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. हेकरू बहुधा आधी मादी असतो आणि वाढल्यावर त्यातले काही नर होतात. लहान मासे उचलले तर अंडी घालणारे जातात, सगळे मोठे उचलले तर नर संपतात. शिवाय खोलातून वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, तो नुसता सोडला तर वरच तरंगत राहतो. घरापुरता मिळाला की जिग गुंडाळावी, हेच बरे.

भाऊ परत गेला. परवा त्याचा फोन आला, “भाईजान, दुकानात उभा आहे. पाच-एकचं आहे, हँडल मागे जात नाही. घेऊ?” मी विचारले, “बाजूला दाबून बघितलंस?” तो हसला आणि म्हणाला, “थांबा, बघतो.”