डहाणूची चिमणी, तारापूरचे पाणी

पापलेट महाग झाले की आपल्या घरांत पहिली कुरबुर मासळीवालीशी होते. ती बिचारी काय सांगणार! उत्तर दडले आहे सातपाटी, तारापूर, डहाणूच्या किनाऱ्यावर. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. तो मासा ज्या समुद्रात वाढतो, त्याच समुद्रावर आज अणुवीज, औष्णिक वीज, शेकडो कारखाने आणि आता एक अजस्र बंदर असे सगळ्यांचे हक्क सांगून झाले आहेत.

कारखाने बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. बोईसरच्या चाळींत राहणारी आपली कितीतरी कुटुंबे एमआयडीसीतल्या पाळीवर, टेम्पोवर, भंगाराच्या गाळ्यावर जगतात. रोजी ज्याची जाणार त्याला न विचारता असा सल्ला देणे फार सोपे असते. पण समुद्रावर जगणाऱ्या मांगेला, कोळी, भंडारी घरांचीही रोजीच आहे, आणि ती आपल्या रोजीहून जुनी आहे. मग दोन्ही चुली पेटत्या ठेवायच्या कशा? याचे एक उत्तर याच जिल्ह्यात एकदा मिळालेले आहे.

२० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. उद्योगांसाठी सबंध तालुक्यात पाचशे एकरांची मर्यादा घातली, घातक उद्योगांना मनाई केली. नियम कागदावर राहू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर ते या कामावर होते.

डहाणूला तेव्हा ५०० मेगावॅटचे कोळशावरचे वीज केंद्र उभे होते. त्याच्या चिमणीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड चिकूच्या बागांवर आणि माणसांच्या छातीत जाणार, ही बागाईतदारांची भीती होती. प्राधिकरणाने केंद्राला टाळे लावले नाही. १९९९ मध्ये हुकूम दिला की धूर धुऊन काढणारे संयंत्र बसवा. कंपनीने बरीच वर्षे टाळाटाळ केली, वाद कोर्टात गेला, आणि अखेर २००७ मध्ये ते संयंत्र चालू झाले. त्यात धुरावर समुद्राचे पाणी सोडतात. खाऱ्या पाण्यात मुळातच असलेला क्षार गंधकाचा वायू शोषून घेतो. वीज मुंबईला मिळत राहिली आणि २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले. हेही सांगितले पाहिजे की या यंत्राने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही. हवामानाचे कर्ज तसेच अंगावर राहते. पण बाग की वीज, हा वाद निदान एका ठिकाणी तरी मिटला, आणि तो मिटला तो नाही म्हणण्याचा अधिकार असलेली माणसे तिथे बसली होती म्हणून.

तालुक्याची हद्द ओलांडून दक्षिणेला तारापूरला या, आणि उलटे चित्र दिसते. देशातले पहिले अणुवीज केंद्र इथेच १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या पुढच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. कार्बन न सोडणारी वीज म्हणून आज जिचे कौतुक होते तिची किंमत या दोन गावांनी आधीच मोजली आहे. शेजारच्या औद्योगिक वसाहतीचे तर विचारू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूरचा निर्देशांक ९३.६९ होता, देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत वाईट. सामायिक सांडपाणी केंद्राची क्षमता दिवसाला अडीच कोटी लिटर आणि येणारे पाणी त्याहून जास्त. उरलेले कुठे गेले ते खाड्यांना विचारा. मांगेला समाज परिषदेने हरित लवादात दाद मागितली, लवादाने शंभरावर कारखान्यांना भरपाई ठोठावली, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. आमच्या मते इथे यंत्र नव्हते हे मोठे दुखणे नाही. यंत्र पुरे पडेपर्यंत नवा कारखाना थांबवणारे कोणी नव्हते, हे दुखणे आहे.

बुलेट ट्रेनचेही थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्या मार्गातली सुमारे बावीस हजार तिवरे तोडायला परवानगी दिली. बदल्यात नवी लावायची आहेत. विजेवरची गाडी विमानापेक्षा बरी, हे खरे. पण तिवराखालचा चिखल शेकडो वर्षांचा कार्बन धरून असतो आणि त्याच्या मुळांत कोळंबी-खेकड्यांची पिल्ले वाढतात. दुसरीकडे लावलेल्या रोपाला तो चिखल कुठून आणणार?

आता वाढवण. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने इथल्या बंदराला नकार दिला होता. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, नव्या रचनेत, होकार दिला. उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६,२०० कोटी. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. सरकार बारा लाख रोजगारांची गोष्ट करते. त्यातले किती डोल जाळे टाकणाऱ्याच्या मुलाला आणि बोईसरच्या आयटीआयतून निघालेल्या मुलाला मिळतील, हे करारात लिहून घेतले पाहिजे, भाषणात नव्हे. भरावाने प्रवाह बदलला आणि जाळी रिकामी आली तर भरपाई कोण मोजणार आणि किती वर्षे, हेही आधीच ठरले पाहिजे.

अशा मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी कायद्याने घ्यावी लागते. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते, आणि पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात वाचायला मिळतो. सभेला जाता आले नाही तर लेखी हरकत देता येते. मासळी कोण विकत घेते, मुलाचा दमा कोण सांभाळते, पाण्याचा वास आधी कोणाला येतो? आपल्या भगिनींनो, तो सारांश घरी आणायला सांगा, आणि हरकतीखाली सही तुमचीही असू द्या.