करार दोन वर्षांचा, संसार चौघांचा

संयुक्त अरब अमिरातीतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे शिक्षकभरतीची लगबग आदल्या हिवाळ्यातच सुरू होते. गोव्यातल्या एखाद्या शिक्षिकेच्या घरी नियुक्तीचे पत्र येते. दोन वर्षांचा करार, दिरहॅममधला पगार, राहण्याची सोय किंवा तिचा भत्ता एवढे वाचूनच घर आनंदते. ‘आखातात गेला’ हे वाक्य गोव्याला नवे नाही. पण पूर्वी जाणारा बहुधा एकटाच जाई आणि संसार गावी राही. शिक्षकाचे तसे नसते. पाठोपाठ जोडीदार निघतो, पहिली-दुसरीतले मूल निघते, कधी कडेवरचेही. मग त्या पत्रातील प्रत्येक ओळ चार माणसांसाठी वाचावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे ‘तात्पुरती नोकरी’ हा तेथे अपवाद नसून नियमच आहे. २०२२ च्या फेब्रुवारीपासून अमलात आलेल्या कामगार कायद्याने खासगी क्षेत्रातील सर्व नोकऱ्या मुदतीच्या कराराखाली आणल्या. करार संपला की नूतनीकरण होते किंवा होत नाही. आपल्याकडच्या अनुदानित शाळेतल्या ‘कायम’ या शब्दाला तेथे प्रतिशब्द नाही. त्यातही पहिले सहा महिने प्रोबेशनचे असू शकतात. या काळात चौदा दिवसांची लेखी सूचना देऊन शाळा शिक्षकाला मोकळे करू शकते. घर आवरून, मुलाचे नाव शाळेतून काढून चौघेही एकदम निघाले, तर त्या चौघांचा संसार चौदा दिवसांच्या सूचनेवर उभा असतो.

म्हणून जाणती कुटुंबे दोन टप्प्यांत जातात. शिक्षक आधी जातो आणि जुलै-ऑगस्टच्या उन्हाळी सुटीच्या शेवटी घरचे येतात. यात मुलाचे पहिले सत्र बुडते, हा तोटा खराच. गोव्यात माध्यमिक वर्गांचे वर्ष २०२५ पासून एप्रिलमध्ये सुरू होऊ लागल्याने मोठ्या मुलांचा सांधा आता बरा जुळतो. लहानांच्या बाबतीत मात्र सत्र बुडणे परवडते. पहिलीतल्या मुलाचे चार महिने भरून काढता येतात. नोकरी गेल्यावर परत आलेल्या कुटुंबाचे वर्ष भरून काढणे कठीण.

पगाराच्या आकड्यात मूळ वेतन किती आणि भत्ते किती, हे आधी पाहावे. ग्रॅच्युइटी मूळ वेतनावरच मोजली जाते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे एकवीस दिवसांचे मूळ वेतन, असा हिशेब असतो. समजा एकूण पगार ५,००० दिरहॅम आहे. त्यात मूळ वेतन ३,००० असेल, तर दोन वर्षांअंती ४,२०० दिरहॅम हाती येतात. मूळ वेतन २,००० असेल, तर तेच २,८०० होतात. वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी सुटली तर काहीच मिळत नाही. उन्हाळी सुटीचा पगार पूर्ण की अर्धा, शिक्षकाच्या मुलांना शुल्कात सवलत किती, विमानाची तिकिटे एकट्याची की साऱ्यांची, हे मुलाखतीत तोंडी सांगितले जाते. ते करारात नसेल तर नाहीच, असे समजून चालावे. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने सोसावा, असे तेथील कायदा सांगतो. तो शिक्षकाकडे मागणारा मध्यस्थ तेथेच ओळखावा. पर्यटक व्हिसावर या, कागद नंतर करू, असे सांगणाराही त्याच जातीचा. त्या व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे आणि दंडाचे ओझे शेवटी शिक्षकाच्याही डोक्यावर येऊ शकते.

कुटुंबाला बोलावण्यासाठी किमान ४,००० दिरहॅम पगार, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, अशी अट आहे. अट पूर्ण झाली म्हणजे खर्च भागला, असे नव्हे. दुबईत कर्मचाऱ्याचा आरोग्यविमा मालक काढतो. पत्नीचा वा पतीचा आणि मुलांचा विमा काढण्याची जबाबदारी त्यांना बोलावणाऱ्यावर असते. शिवाय घरच्यांचे व्हिसे शिक्षकाच्या व्हिसाला बांधलेले असतात. त्याचा रद्द व्हायचा तर आधी त्यांचे रद्द करावे लागतात. जोडीदाराला स्वतंत्र परवाना काढून नोकरी करता येते, आणि बहुतेक घरांत दुसरा पगार सुरू होईपर्यंत शिल्लक पडतच नाही.

कागदपत्रांना महिने लागतात, ही गोष्ट पत्र हाती पडल्यावरच बहुतेकांच्या लक्षात येते. अमिराती अपोस्टिल करारात नाही. त्यामुळे पदवी, बी. एड.चे प्रमाणपत्र, विवाहाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला यांचे साक्षांकन आधी राज्यात, मग परराष्ट्र मंत्रालयात, मग अमिरातीच्या वकिलातीत आणि अखेरीस तिकडच्या परराष्ट्र खात्यात, असे पायरीपायरीने करावे लागते. मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यालाही अनेकदा याच वाटेने जावे लागते. येथे गोवेकरांची एक सोय आहे. विवाहाची नागरी नोंदणी येथे पिढ्यान्‌पिढ्या रूढ असल्याने तो दाखला सहसा शोधत बसावा लागत नाही. नावाच्या स्पेलिंगमधला फरक मात्र येथेच घरी बसून दुरुस्त करावा. पासपोर्टवर एक आणि जन्मदाखल्यावर दुसरे आडनाव असलेली मुले गोव्यात काही कमी नाहीत.

सरकारी शाळेतील शिक्षकाने तर पाऊल उचलण्याआधी रजेचा विचार करायला हवा. परवानगीशिवाय दुसरी नोकरी धरता येत नाही, आणि राजीनामा दिला तर पेन्शनसाठी धरली जाणारी आधीची सेवा बुडते. असाधारण रजेचा अर्ज मंजूर झाल्याचा लेखी आदेश हाती येईपर्यंत तिकडच्या करारावर सही करू नये. ‘होईल हो मंजूर’ या कार्यालयीन आश्वासनावर पंधरा वर्षांची सेवा पणाला लावणे शहाणपणाचे नाही.

मागे राहिलेले घर हा वेगळाच विषय. बंद घराला गोव्याचा पाऊस दोन वर्षांत काय करतो, हे सांगायला नको. भाड्याने द्यावे तर भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारक आहे. पोर्तुगीज नागरी संहितेखालील दांपत्याच्या बाबतीत प्राप्तिकर कायदा घरभाडे नवरा-बायकोंत निम्मे-निम्मे वाटतो. पगार मात्र ज्याचा त्याचाच राहतो. नोकरीसाठी देश सोडणारा माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर तो अनिवासी ठरतो. एप्रिलमध्ये निघणारा सहज ठरतो, डिसेंबरात निघणारा ठरत नाही. अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते बँकेत सांगून एनआरओ करून घ्यावे लागते. आणि अनिवासी मालकाला भाडे देताना भाडेकरूने त्यातून कर कापायचा असतो, हे भाडेकरूला सहसा ठाऊक नसते.

सर्वांत कमी बोलले जाते ते मुलाच्या भाषेविषयी. अमिरातीतील खासगी शाळांत अरबी शिकणे नववीपर्यंत बिगर-अरब मुलांनाही आवश्यक असते. त्याजोडीला हिंदी किंवा मल्याळम मिळते. मराठी मिळेल याची खात्री देता येत नाही. गोव्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत बाराखडी नुकतीच संपवलेले मूल दोन वर्षांनी परत येते, तेव्हा मराठी बोलते. पण ‘श्री’ आणि ‘क्ष’पाशी अडखळते. परतल्यावर ते इंग्रजी माध्यमात जाणार असेल, तर प्रश्न घरापुरता उरतो. मराठी माध्यमातच जाणार असेल, तर येथील वर्गाची पुस्तके नेऊन रोज अर्धा तास ती वाचून घेणारे कुणीतरी लागते. हे काम दीड तास मागे-पुढे असलेल्या घड्याळांतूनही आजी-आजोबा फोनवर करू शकतात, आणि काही घरांत तेच करतातही.

तिकडे मूल जन्मले तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते. अमिराती जन्मावरून नागरिकत्व देत नाही. ही नोंद चुकली तर पुढे केंद्र सरकारच्या परवानगीखेरीज ती होत नाही, आणि परतीच्या तिकिटाच्या वेळी बाळाकडे पासपोर्टच नसतो.