दुपारची धूळ, रात्रीचा दमा

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईच्या दिवसांत आमच्या तातडीच्या विभागात रात्री नऊ-दहाच्या सुमारास दम्याची मुले येऊ लागतात. पालकांचे म्हणणे बहुधा सारखेच असते : "दुपारी माळा झाडला, गाद्या झटकल्या, तेव्हा थोडी धाप लागली होती. पंप दिला, बरे वाटले. मग आता पुन्हा काय झाले?" त्या वेळी उत्तर द्यायला कोणासच सवड नसते. ते येथे देत आहोत. आम्ही हिशेब पाहणारे, वैद्य नव्हे; आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतले तेच मांडत आहोत.

गाद्या-उशांमध्ये सुमारे पाव ते तृतीयांश मिलिमीटर लांबीचे धूळकिडे राहतात. त्यांच्या विष्ठेतील प्रथिने धुळीबरोबर श्वासावाटे आत जातात. श्वासनलिकेच्या अस्तरात पहारा करणाऱ्या काही पेशी ही प्रथिने टिपून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात व तेथील टी-पेशींना दाखवतात. बहुतेकांच्या बाबतीत प्रकरण तेथेच मिटते. ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्यांत मात्र टी-पेशी त्यांस शत्रू ठरवतात आणि त्यांच्या सांगण्यावरून बी-पेशी 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे बनवू लागतात. (इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत 1966 च्या सुमारास ही प्रतिपिंडे ओळखली.) ती श्वासनलिकेतील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या साऱ्या तयारीत रुग्णास काहीही जाणवत नाही. "आजवर धुळीने कधी त्रास झाला नव्हता" हे पालकांचे म्हणणे म्हणूनच खोटे नसते.

पुढे तीच धूळ पुन्हा आत गेली की मास्ट पेशी काही मिनिटांतच हिस्टामिन व तत्सम द्रव्ये सोडतात. नलिकेचे स्नायू आवळतात, धाप लागते. तात्काळ आराम देणारा पंप हे स्नायू सैल करतो. पण तोवर मदतीचे निरोप गेलेले असतात. रक्तातून इओसिनोफिल व इतर पेशी नलिकेच्या भिंतीत जमू लागतात आणि साधारण चार ते आठ तासांनी तेथे सूज येते, चिकट कफ साचतो. रात्रीचा झटका हा असा. आराम देणारा पंप ही सूज उतरवीत नाही.

सूज आवरण्याचे काम प्रतिबंधक पंपातील स्टिरॉइड करते. परंतु ते नियमित घेतले तरच. स्टिरॉइड म्हटले की पालक धास्तावतात. वास्तविक ही मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते व थेट श्वासनलिकेत जाते. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते. बारा वर्षांवरील रुग्णांनी केवळ आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये, असा सल्ला 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या संस्थेने 2019 मध्ये दिला.

देणगीदारांच्या निधीतून दिलेला प्रतिबंधक पंप फेरतपासणीस जवळजवळ भरलेलाच परत येतो, तेव्हा हिशेबनीस म्हणून आम्हांस हळहळ वाटते. परंतु "मूल बरे होते म्हणून बंद केला" हे ऐकून अधिक काळजी वाटते. मूल बरे दिसत असतानाही भिंतीतील सूज राहिलेली असू शकते.

तेव्हा झाडलोट करताना मुलास घराबाहेर ठेवावे व ओल्या फडक्याने पुसावे. प्रतिबंधक पंप स्पेसरमधून द्यावा, नंतर चूळ भरावयास लावावी व डॉक्टरांना विचारल्यावाचून तो बंद करू नये. दुपारी धाप लागून गेली असेल, तर त्या रात्री मुलाजवळ कोणीतरी जागे असावे. आराम देणाऱ्या पंपाने उतार पडला नाही, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात यावे. येताना दोन्ही पंप बरोबर आणावेत.