आगमनकाळाचा पहिला रविवार

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष जानेवारीत नव्हे, तर नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होते. तेथपासून नाताळापर्यंतचा काळ तो आगमनकाळ. अँग्लिकन मंदिरांत या दिवसांत वेदीवर जांभळे वस्त्र असते. उत्सवाहून प्रतीक्षेला आणि आत्मपरीक्षणाला अधिक मान असतो. त्याआधी, पीक हाती आले की, उपकारस्तुतीची उपासना होते. खेड्यांतील भाविक धान्य, भाजीपाला, क्वचित कोंबडीदेखील आणून अर्पण करतात. मग त्यांचा लिलाव होतो व पैसा मंडळीच्या कार्याला लागतो. इंग्लंडात हा सण शरदाच्या आरंभी येतो. छत्तीसगडात भाताची कापणी नोव्हेंबरात चालते. म्हणून तेथे देणे आणि वाट पाहणे जवळजवळ एकाच वेळी येते.

१९०३ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतात तेव्हाचा मध्य प्रांत, म्हणजे रायपूरही, येत असे. त्याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तो आगमनकाळाचा पहिलाच रविवार होता. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या, आणि प्रश्न काही किरकोळ नव्हते. अँग्लिकन तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत, बॅप्टिस्ट केवळ स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्यांना. नव्या चर्चने दोन्ही रीती ग्राह्य मानल्या. बिशपपद सर्वांनी स्वीकारले. मेथॉडिस्टांची एक मोठी शाखा मात्र अखेरच्या घटकेस बाहेर राहिली. जे आत आले त्यांच्यापुरता तरी, निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्यांना एका मेजावर प्रभुभोजन घेण्यातला नियमांचा अडसर त्या दिवशी दूर झाला.