उपकारस्मरण : मनाचे रोजचे पथ्य

पथ्य म्हटले की आपल्याला ताटातून वगळलेले पदार्थ आठवतात. मनालाही पथ्य लागते. तेथे मात्र वगळण्यापेक्षा आठवण्याचे महत्त्व अधिक आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत या आठवणीला 'उपकारस्मरण' असे सुंदर नाव आहे. देवाने आज काय दिले, हे दिवस मावळल्यावर शांतपणे आठवावे आणि त्याचे आभार मानावेत, एवढाच त्याचा विधी. तो वरकरणी सोपा दिसतो. पण आपल्या वऱ्हाडात तो सोपा नाही.

कठीण प्रश्न

बडनेऱ्याचेच पाहा. मुंबई-हावडा मार्गावरचे हे जंक्शन. अमरावती आणि नरखेडकडे जाणारे रुळ येथूनच फुटतात. रेल्वेत नोकरी करणाऱ्यांच्या घरी कोणाची रात्रपाळी, कोणाची पहाटेची. सारे कुटुंब एका पंगतीला बसेल असे दिवस मोजकेच. भोवतालच्या गावांत कापूस, तूर आणि सोयाबीन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, जूनमध्ये डोळे आभाळाकडे लागतात आणि कधी कधी सवंगणीला आलेले सोयाबीन परतीच्या पावसात उभ्या उभ्या भिजते. त्या रात्री घरातल्या माणसांनी देवाचे आभार कशासाठी मानावेत?

हा प्रश्न टाळून केलेला कृतज्ञतेचा उपदेश पोकळ ठरतो. पवित्र शास्त्र तो टाळत नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना पौल सर्व स्थितींत उपकार मानण्यास सांगतो. प्रत्येक स्थिती चांगलीच आहे, असे तो म्हणत नाही. भिजलेले पीक हे नुकसानच असते. त्या नुकसानीतही देवाशी असलेले नाते तुटू देऊ नये, एवढीच त्याची मागणी आहे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. १३वे स्तोत्र उघडून पाहा. अवघ्या सहा वचनांत कवी देवाकडे आपले गाऱ्हाणे मांडतो, साहाय्य मागतो आणि शेवटी त्याच देवाचे गुणगान करतो. आधी गाऱ्हाणे, मग स्तुती. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

रमाबाईंची कृतज्ञता

महाराष्ट्रात या वृत्तीचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण अल्पकाळात दगावली. पुढे भाऊ गेला, पती गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि अन्नान्न झालेल्या शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी आपल्या आश्रयाला आणल्या. केडगावचे 'मुक्ती' याच कामातून वाढले. दुष्काळात जगल्या-वाचल्याचे ऋण त्यांनी दुसऱ्यांना जगवून फेडले. उतारवयात ऐकू येईनासे झाले, तरी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. त्यानंतरही हे काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. उपकार मानणे म्हणजे दुःख विसरणे नव्हे, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते.

शास्त्र काय सांगते?

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल आभार वाटतात अशा गोष्टी लिहिल्या; काहींनी कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आयुष्याविषयी अधिक समाधान वाटले, शारीरिक तक्रारी कमी जाणवल्या आणि त्यांचा व्यायामही अधिक झाला. स्नायू व मज्जातंतूंचा विकार असलेल्या प्रौढांनी तीन आठवडे रोज अशी नोंद केली, तेव्हा त्यांना झोप अधिक व चांगली लागल्याचे दिसले.

याचे कारण समजण्यासारखे आहे. मिळालेल्या सुखाची मनाला लवकर सवय होते. खुपणारी गोष्ट मात्र ते घोळवत राहते. अंथरुणावर पाठ टेकताच हे घोळवणे वाढते आणि झोप उडते. त्या घटकेला मनाला दुसरे, खरे आणि चांगले असे काही धरायला दिले, तर त्याचा वेग मंदावतो.

घरी कसे करावे?

रात्रीच्या जेवणानंतरची वेळ ठरवा. पाळीमुळे सारे एकत्र नसतील, तर जे घरी असतील त्यांनी करावे. उरलेल्यांनी कामावर निघण्यापूर्वी दोन मिनिटे काढावीत. प्रत्येकाने आजच्याच दिवसातील तीन गोष्टी सांगाव्यात. 'सर्व कृपेबद्दल धन्यवाद' असे मोघम बोलू नये. 'नळाला आज पाणी आले', 'आजीचा ताप उतरला', 'शेजारच्या काकूंनी ताजी भाकर दिली' असे नेमके सांगावे. नेमके आठवण्यासाठी मनाला दिवसभर जागे राहावे लागते.

तिन्हींपैकी एक गोष्ट एखाद्या माणसाबद्दल असावी आणि दुसऱ्या दिवशी ते त्याला प्रत्यक्ष सांगावे. त्यानंतर ज्याला दुःख आहे त्याने ते न लपवता देवापुढे मांडावे. लहान मुले रडली, रुसली, 'आज काहीच चांगले नव्हते' म्हणाली, तरी रागावू नये. त्यांचे ऐकून घ्यावे. शेवटी एक लहानशी प्रार्थना पुरे. वही ठेवली तर उत्तम. वर्षाकाठी मंडळीत हंगामाची उपकारस्तुती होते, तेव्हा ती वही चाळून पाहावी.

एक सावधगिरी

कृतज्ञता हे औषध नव्हे. पुढच्या काळात अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नैराश्य व चिंता यांवरील तिचा परिणाम मर्यादितच आढळला. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले असेल, झोप व भूक मंदावली असेल, कर्जाच्या ओझ्याने जगणे नकोसे वाटत असेल, तर 'विश्वास कमी पडतो' असे म्हणून त्या माणसाला गप्प करू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, मोफत उपलब्ध आहे. साखरेची वा रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणे हेदेखील देवाने दिलेल्या देहाचे आभार मानणेच आहे.

परतलेला एक

लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरे करतो. परत येऊन आभार मानतो तो एकच, आणि तोही परका समजला गेलेला शमरोनी. आपल्याच जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. त्यामुळे ही कथा आपल्याला दूरची वाटू नये. रोग दहाही जणांचा गेला. परतलेल्याला मात्र बरे करणाऱ्याची भेट पुन्हा घडली, आणि तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे, असे येशूने त्याच्याशी बोलताना सांगितले. आरोग्य आणि उपकारस्मरण यांतला हा धागा प्रत्येक घराला रोज रात्री हाती घेता येईल. आज जेवणे झाल्यावर, दिवा मालवण्यापूर्वी, तीन गोष्टींपासून सुरुवात करा.