वाक्यदुरुस्ती आणि कानाचा भरवसा

इंग्रजी वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नांबद्दल स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: वाक्य मनात वाचा, कानाला खटकले तर चूक, नाहीतर बरोबर. लहानपणापासून चांगले इंग्रजी वाचत आलेल्याला तो बऱ्याच अंशी लागू पडतो. बाकीच्यांना मात्र तो सरळ खड्ड्यात नेतो. कान जे ऐकत आला तेच त्याला बरोबर वाटणार. आणि इथे बँकेत, कचेरीत, कधी कधी खुद्द इंग्रजीच्या तासालाही ‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’, ‘कोप अप विथ’ सर्रास चालते. सवयीने कानाला खटकेनाशा झालेल्या याच चुका प्रश्नपत्रिकेत हमखास येतात. (‘अबाउट’, ‘बॅक’ आणि ‘अप’ तिन्ही अनावश्यक.)

मराठीतून विचार करणाऱ्याचा कान आणखी एका ठिकाणी फसतो. ‘तो दोन वर्षांपासून पुण्यात राहतोय’ याचे ‘ही इज लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स’ होते आणि काहीही खटकत नाही. प्रत्यक्षात चुका दोन आहेत. मराठीत इथे चालू वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला ‘हॅज बीन लिव्हिंग’ लागते. शिवाय मराठीचे ‘पासून’ आरंभ आणि कालावधी दोन्हींना चालते. इंग्रजीत आरंभाला ‘सिन्स’ (सिन्स 2022), कालावधीला ‘फॉर’ (फॉर टू इयर्स). ‘माझ्यावर रागावला’वरून आलेले ‘अँग्री ऑन मी’ त्याच जातीचे; तिथे ‘विथ’ हवे.

इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा कानही निर्दोष नसतो. ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड हिअर वेअर पुअर’ या वाक्यात क्रियापदाच्या जवळ आंबे आहेत, म्हणून अनेकवचनी ‘वेअर’ सहज खपून जाते. कर्ता मात्र ‘क्वालिटी’ आहे. ‘ऑफ’पासून ‘हिअर’पर्यंतच्या शब्दांवर बोट ठेवून वाक्य वाचले की ‘वॉज’ आपोआप सुचते. अर्थात ही युक्ती सगळीकडे चालवू नये: ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज’, पण ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर’, कारण दुसऱ्यात ‘अ नंबर ऑफ’चा अर्थ फक्त ‘बरेच’ इतकाच.

उलटही घडते: बरोबर असलेले वाक्य खटकते. ‘इट इज हाय टाइम वी लेफ्ट’मध्ये गोष्ट आत्ताची आणि क्रियापद भूतकाळी, तरी रचना शुद्ध आहे. ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ वाचून ‘टू’नंतर मूळ क्रियापदच हवे असा हट्ट धरणारे कमी नाहीत. हे ‘टू’ शब्दयोगी आहे. पारख सोपी: त्याच्यापुढे नाम ठेवून पाहावे. ‘लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ चालते, ‘वाँट टू दिवाळी’ चालत नाही.

कोणत्या शब्दाबरोबर कोणते शब्दयोगी येते, याला मात्र नियम नाही. ‘इन्सिस्ट ऑन’, ‘सुपीरियर टू’, ‘केपेबल ऑफ’ ही रूढी आहे आणि ती शब्दकोशातच पाहावी लागते. तीही इंग्रजी-मराठी कोशात नव्हे. ए. एस. हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डने 1948 मध्ये काढलेला कोश इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच रचलेला होता. त्याच्या आजच्या आवृत्त्यांत ही जोडी शब्दागणिक उदाहरणासह मिळते. दहा शब्दांच्या जोड्या अशा पाहून ठेवणे हे शंभर प्रश्न कानाने सोडवण्यापेक्षा कामाचे.

वाक्याच्या शेवटी शब्दयोगी येऊ नये, ही समजूत अजून जिवंत आहे. कवी ड्रायडन यांनी 1672 मध्ये बेन जॉन्सन यांच्या लेखनात हा दोष काढला. फाउलर यांनी 1926 च्या आपल्या कोशात या नियमाची गणना अंधश्रद्धेत केली. सर्वांत आखूड पर्याय बरोबर, हेही खरे नाही. आखूड करताना अर्थ बदलला की तो पर्याय बाद. ‘दुरुस्तीची गरज नाही’ हा पर्याय केवळ फसवण्यासाठी दिलेला असतो, असे मानून तो न वाचताच सोडणे म्हणजे हातचे गुण घालवणे. आणि जीमॅटसाठी वाक्यदुरुस्ती घोकणाऱ्यांनी जुनी पुस्तके मिटलेली बरी: 2023 च्या अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपात हा प्रश्नप्रकारच वगळला आहे.